शटडाउनची सातवी टेप

गुड फ्रायडेला बारा ते तीन ओडेलीच्या घरात गाणं वाजत नाही. हा नियम तिच्या नवऱ्याच्या, रेफिल्डच्या, हयातीतही होता आणि तो जाऊन अकरा वर्षं झाली तरी आहे. या दिवशी जमीन खणायची नाही, मांस शिजवायचं नाही, आणि येशूच्या क्रुसावरच्या त्या तीन तासांत तोंडातून फुकाचा शब्द काढायचा नाही. यातलं शेवटचं गिलरी घराण्यात आजवर कुणालाच जमलेलं नाही. गाणं मात्र खरोखर बंद असतं. गल्लीतल्या गाड्यासुद्धा तिच्या कुंपणापाशी आल्या की आवाज बारीक करतात.

यंदा त्या शांततेत सगळ्यांचे डोळे एकाच वस्तूकडे वळत होते. गाडीच्या शेडखाली, घडीच्या टेबलावर, एक निळी बर्फपेटी ठेवली होती. मासे धरायला जाताना नेतात तसली. झाकणाभोवती चंदेरी चिकटपट्टीचे चार वेढे, आणि वर रेफिल्डच्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द: शटडाउन.

तीन आठवड्यांपूर्वी चर्चचं छप्पर दुरुस्त करताना ती पेटी माळ्यावर सापडली. वीस वर्षांपूर्वीच्या वादळाआधी रेफिल्डने ती तिथे नेऊन ठेवली असणार आणि कुणाला सांगितलं नसणार, कारण सांगितलं की निम्मं गेलं, असा त्याचा हिशेब होता. घरचे सगळे समजत होते की त्याच्या गाण्यांच्या मूळ टेपा गॅरेजमध्ये आहेत. आठ वर्षांपूर्वी पूर आला, गॅरेजमधलं सगळं वाहून गेलं, तेव्हा मुलं रडली. ओडेलीही रडली. पण देव क्षमा करो, आतून तिला हलकं वाटलं होतं. त्या हलकं वाटण्याची कबुलीही तिने फादरपाशी दिली होती. पापं पुरात वाहून जात नाहीत, चर्चच्या माळ्यावर जाऊन बसतात, हे तिला आता कळत होतं.

ती खुर्चीत बसून लसूण सोलत होती. अंगणाच्या मधोमध मोठ्या पातेल्यात झिंग्यासारखे दिसणारे क्रॉफिश उकळत होते, आणि त्या तिखट वाफेत तिचा थोरला डेझमंड हातात वल्ह्याएवढा चमचा घेऊन उभा होता. पन्नाशी उलटलेला, बापासारखाच रुंद, बापासारखाच हट्टी. वाफेच्या पलीकडे, घरांच्या छपरांवरून, रिफायनरीची ज्योत दिवसाउजेडी फिकट दिसत होती. पोर्ट आर्थरच्या या भागात जन्मलेल्या माणसाला ती ज्योत दिसेनाशी झाली तरच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

"अजून सव्वा तास," डेझमंड म्हणाला.

"घड्याळ बघून तास लवकर संपत नाही," क्लॉडेट म्हणाली. ही ओडेलीची मधली मुलगी, शाळेत शिक्षिका, आणि तोंडाने भावापेक्षा एक पाऊल पुढे. "आणि संपला तरी मी सही करणार नाहीये. आधीच सांगून ठेवते."

"तुझ्या सहीवाचून अडत नाही. तिघांतल्या दोघांच्या पुरतात."

"मग सेलेस्टीनला लोणी लाव. सकाळपासून तिच्या ताटात बटाटे वाढतोयस ते दिसतंय सगळ्यांना."

सेलेस्टीन पायरीवर बसून ताटातले बटाटे बाजूला सारत होती. ती ऑरेलियनची मुलगी. ऑरेलियन म्हणजे ओडेलीचा धाकटा, शटडाउन रेकॉर्ड्सचा आवाज, जो चोविसाव्या वर्षी गेला. आणि ही पोर तो गेल्यावर दोन महिन्यांनी जन्मली. आता सत्तावीस वर्षांची होती, ह्यूस्टनला दातांच्या दवाखान्यात काम करायची, आणि बापाचा हिस्सा तिच्या नावावर होता. ओडेलीने स्वतःसाठी हिस्सा मागितलाच नव्हता.

"टेपा विकत मागणारी कंपनी मोठी आहे," डेझमंड म्हणाला. "आपल्याच्यानं हे सांभाळणं होत नाही. अर्ध्या जगाची पोरं आज संथ आवाजातली गाणी करतायत, आणि त्यांना ठाऊकही नाही की सुरुवात आईच्या सलूनच्या मागच्या खोलीत झाली. कंपनीनं हातात घेतलं तर नाव तरी राहील."

"नाव त्यांचं राहील. बाबा काय म्हणायचे? भांडं उसनं द्यावं, चूल देऊ नये."

"बाबा बरंच काही म्हणायचे."

"चूल देऊ नये, एवढंच त्यांनी मरेपर्यंत पाळलं. मोठमोठे लोक या अंगणात येऊन बसले, तुझ्याएवढ्याच गोड गोष्टी करून गेले. बाबांनी त्यांना जेवू घातलं आणि परत पाठवलं."

ओडेलीला ते दिवस आठवत राहिले. रिफायनरी दुरुस्तीसाठी बंद पडली की बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि दुप्पट पगार. त्याला इथे शटडाउन म्हणतात. अशा तीन शटडाउनांच्या घामातून रेफिल्डने मशीनं घेतली आणि म्हणूनच रेकॉर्ड कंपनीला ते नाव दिलं. दुकानदार टेपांच्या नकला ठेवायला तयार नव्हते. मग त्या त्याच्या गाडीच्या डिकीतून लेक चार्ल्सपासून ह्यूस्टनपर्यंत जायच्या, आणि उरलेल्या ओडेलीच्या सलूनमध्ये, केसांच्या तेलाच्या बाटल्यांशेजारी. ते संगीत तिला मुळीच आवडत नव्हतं. ड्रायरखाली बसलेल्या बायकांना शब्द ऐकू येत नसत, पण ठेका फरशीतून पायांत चढायचा, आणि चर्चच्या डीकनची बायकोसुद्धा नकळत टाच आपटायची. हे आठवून तिला आत्ताही हसू आलं.

"मॉमॉ," सेलेस्टीन म्हणाली. इकडे आजीला असंच म्हणतात, आणि आजोबांना पॉपॉ. "तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

"आज उपास असतो गं."

"उपासाला क्रॉफिश चालतात की. तूच शिकवलंयस." ती उठून आजीच्या पायाशी येऊन बसली. मग मोठ्याने, काका आणि आत्या दोघांनाही ऐकू जाईल असं म्हणाली, "मला कुणी लोणी लावू नका. मला एकच पाहिजे. लहानपणापासून तुम्ही सगळे मला सांगत आलात, की माझ्या बाबानं मी जन्मायच्या आधी सातव्या टेपवर माझं नाव घेतलंय. वाढदिवसाला सांगितलंत, पहिल्या कम्युनियनला सांगितलंत, मी रडायला लागले की सांगितलंत. ते मला ऐकायचंय. ते ऐकल्यावर सहीचं बघू."

ओडेलीच्या हातातली लसणाची पाकळी खाली पडली. ती तिने शोधली नाही.

दोनच्या सुमाराला अल्सीड आला. ऑरेलियनचा धर्मपिता, इकडे त्याला पारान म्हणतात, आणि एकाचा पारान झाला की तो सगळ्या घराचाच पारान होतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, काटकुळा, कडक इस्त्रीचा शर्ट. शटडाउनच्या सगळ्या टेपा त्यानेच रेकॉर्ड केलेल्या, आणि आवाज संथ करायची खोडही त्याचीच. चर्चच्या वरच्या खोलीतलं जुनं मशीन त्याने गोधडीत गुंडाळून, बाळ आणावं तसं आणलं होतं.

"चालेल का ते?" डेझमंडने विचारलं.

"माझे गुडघे चालत नाहीत. हे चालतं."

पेटीची चिकटपट्टी त्याने चाकूने कापली. आत पिशवीत पिशवी, त्यात टॉवेल, आणि टॉवेलात आठ टेपा. दिसायला हुबेहूब व्हिडिओ कॅसेट. त्या मशीनला तसल्याच लागायच्या. चित्राच्या जागी त्यावर आठ वेगवेगळे आवाज बसायचे. सातांवर रेफिल्डच्या हाताने आकडे घातलेले. आठवी कोरी, अजून तिच्या पारदर्शक कागदात.

"बघ, रेफिल्डचं काम," अल्सीड पहिली टेप उलटी करून सेलेस्टीनला दाखवू लागला. "इथं मागं एक चिमुकली पट्टी असते. ती आहे तोवर टेपवर पुन्हा रेकॉर्ड होतं. मोडली की संपलं, मग कुणी पुसू म्हटलं तरी पुसता येत नाही. काम पुरं झालं की तुझा पॉपॉ स्वतः चाकूनं ती मोडायचा आणि तुकडा शर्टाच्या खिशात टाकायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही."

"माझ्या कपड्यांच्या मशीनमध्ये खुळखुळायचे ते तुकडे," ओडेली म्हणाली. आपला आवाज इतका साधा कसा आला याचं तिला नवल वाटलं.

सेलेस्टीनने सातवी टेप उचलून उलटी केली. "हिची मोडली नाहीये."

"ती पुरी कुठं झाली होती? नुसता आवाज घेतला होता. बाकी साज चढवायचा होता. दोन दिवसांनी पोराला हॉस्पिटलात नेलं." अल्सीडने चष्मा काढून पुसला. "ओळी काय होत्या ते विचारू नकोस हं मला. मी बटणं बघत होतो. नाव घेतलं तेवढं कानावर पडलं."

तीनची घंटा झाली. वारा पडलेला होता, त्यामुळे ती खूप वेळ हवेत राहिली. ओडेलीने क्रुसाची खूण केली आणि डोळे मिटून घेतले.

अल्सीडने आधी पहिली टेप लावली. थोडी खरखर, मग खोल विहिरीतून यावा तसा ठेका, आणि त्यावर ऑरेलियनचा आवाज आला. संथ, जाडसर, जरासा आळसावलेला. अंगणातली पोरं आपोआप थांबली. शेजारची बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. पातेल्याची वाफ, दुपारचं ऊन, लिंबाचा वास, सगळंच त्या आवाजाच्या चालीने हलल्यासारखं झालं, आणि ओडेलीला क्षणभर वाटलं की तो आत न्हाणीघरात आहे, दाढी करता करता म्हणतोय, आता येईल. डेझमंडने पाठ फिरवून क्रॉफिश ढवळायला घेतले. ते केव्हाच शिजले होते.

"सातवी," सेलेस्टीन हळूच म्हणाली.

सातवी आत गेली. मशीनवर आकडे पळायला हवे होते. तिथे नुसत्या आडव्या रेघा उमटल्या. अल्सीडने ती काढली, फुंकर मारली, पुन्हा घातली. पुन्हा रेघाच.

"काय झालं?"

"ही..." त्याने मशीनवर कान टेकवला. "ही आमची नाहीच. म्हणजे टेप आमची, अक्षर रेफिल्डचं. पण आत आमचं काही नाही."

 मग डेझमंडने तो मोठा चमचा पातेल्यावर आडवा ठेवला आणि सावकाश शेडखाली आला.

"पारान, खरी टेप कुठंय?"

"म्हणजे?"

"माळ्यावर पेटी होती. वरच्या खोलीत मशीन होतं. चर्चच्या किल्ल्या तुझ्याकडे असतात. बाबा असतानाही टेपा चोरून बाहेर जायच्या, कुणीतरी विकायचं, हे मला ठाऊक आहे. बाबांनी तुझं नाव कधी घेतलं नाही, तो त्यांचा मोठेपणा."

"डेझमंड," क्लॉडेट म्हणाली, "शुद्धीवर ये."

"तू मध्ये पडू नकोस. ऑरेलियनच्या शेवटच्या टेपेला आज काय भाव आहे, ठाऊक आहे तुला? ज्याला ठाऊक असेल त्यानं..."

 अल्सीडने गोधडीची घडी घालायला घेतली. घडीची टोकं जुळत नव्हती. ते बघून ओडेलीला बसवेना. ती उठली.

"त्याला सोड," ती म्हणाली. "ती टेप मी पुसली."

सेलेस्टीनने मान वर केली.

"माझ्या दुपारच्या मालिका रेकॉर्ड केल्या तिच्यावर. ऑरेलियन हॉस्पिटलात होता तेव्हा. व्हिडिओची कॅसेट वाटली मला. झालं. आता पारानची माफी माग."

"मालिका?" डेझमंड म्हणाला. "आई, त्या डॉक्टर आणि जुळ्या बहिणींच्या मालिका? त्याच्या आवाजावर?"

"हो."

 क्लॉडेट आईकडे टक लावून बघत होती. चौथीच्या वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराकडे ती अशीच बघत असणार.

"आई, तुला व्हीसीआरवर रेकॉर्ड करता येत नव्हतं."

"येत होतं."

"नव्हतं. लाईट गेली की सलूनमधल्या त्या व्हीसीआरवाल्या टीव्हीवर घड्याळाचे बारा-बारा चमकत राहायचे. ते लावायला तू फोन करून मला शाळेतून बोलवायचीस. आणि त्या आठवड्यात तू हॉस्पिटलातून घरी आलीच नाहीस. अंघोळसुद्धा तिकडेच केलीस. मी तुझे कपडे आणून देत होते." ती थांबली. तिचा आवाज खाली आला. "घरी बाबा होते."

खोटं बोलायला चांगली स्मरणशक्ती लागते, आणि ओडेलीची मुलीने घेतली होती. तिने डेझमंडकडे पाहिलं. बापाचं नाव निघालं की या मुलाची पाठ अजून ताठ व्हायची.

"बाबांनी?" तो म्हणाला. "जे आम्हाला त्या टेपांना हात लावू द्यायचे नाहीत, त्यांनी?"

"त्या बापड्याचा दोष नव्हता रे," ओडेली म्हणाली, आणि मग सत्तावीस वर्षांनी तिने ते सांगितलं.

शटडाउन चालू होतं. रेफिल्ड रात्रभराच्या पाळीवरून सकाळी यायचा, हॉस्पिटलात डोकावायचा, घरी जाऊन दोन तास डोळे मिटायचा. ऑरेलियनला सिकल सेल हा रक्ताचा आजार होता, जन्मापासूनच. त्या खेपेला दुखणं छातीत उतरलं होतं. बोलणं नको, गाणं नको, काही नको. फक्त दुपारच्या मालिका पाहिजेत, म्हणाला. लहानपणी तो सलूनच्या खुर्च्यांखाली खेळता खेळता त्या बघायचा. कोणाची बायको कोणाबरोबर पळाली हे त्याला बायकांआधी ठाऊक असायचं. पण दुपारी नेमकं औषध चढायचं आणि तो झोपायचा. म्हणून तिने रेफिल्डला फोन केला: घरच्या व्हीसीआरवर रेकॉर्ड करून ठेव, संध्याकाळी घेऊन ये. रेफिल्डने झोपेत चालावं तसं ते केलं. स्वयंपाकघराच्या टेबलावर जी कॅसेट होती ती घातली.

"सलूनचा टीव्ही क्लॉडेटनं हॉस्पिटलच्या खोलीत आणून ठेवला होता. आम्ही दोघांनी तास-दीड तास बघितलं. तो हसला, मधून मधून मला चिमटे काढले. मग मी कॅसेट बाहेर काढली आणि आकडा बघितला. त्यानंही बघितला."

"काय म्हणाला तो?" सेलेस्टीनने विचारलं.

"आधी हसला. इतका हसला की नर्स धावत आली. मग म्हणाला, बाबांना सांगू नकोस, ते स्वतःला माफ करायचे नाहीत. मी म्हटलं, बरा झालास की पुन्हा म्हण. म्हणतो की, म्हणाला. चार दिवसांनी गेला."

डेझमंड उलट्या टाकलेल्या पिंपावर बसला. त्याने तोंडावरून हात फिरवला. बाप गेला तेव्हाही तो असा बसला नव्हता.

"बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही?"

"मी ती परत पेटीत ठेवली, आणि पेटी उघडायचा त्याला धीरच झाला नाही. सातवी टेप आहे, सुखरूप आहे, एवढ्यावर तो माणूस सोळा वर्षं जगला. ते मी कसं काढून घेऊ?"

"आणि पॉपॉ गेल्यावर?" हा प्रश्न सेलेस्टीनचा होता. ती उठून उभी राहिली होती. "अकरा वर्षं झाली, मॉमॉ. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला हे लोक मला ती गोष्ट सांगायचे आणि तू शेजारी बसून मान हलवायचीस. केक कापायचीस. आज मी रात्रभर झोपले नाहीये. नवे कपडे घालून आलेय मी, मूर्खासारखी, कुणाला तरी भेटायला जावं तशी."

"आधी त्याच्यासाठी गप्प बसले," ओडेली म्हणाली. "मग इतकी वर्षं गप्प बसल्याची लाज वाटून गप्प बसले. दुसरं कारण नाही बाळा. असतं तर सांगितलं असतं."

सेलेस्टीन फाटकापर्यंत चालत गेली. गाडीच्या किल्ल्या तिच्या हातात होत्या. ओडेलीला तिच्या पाठीमागचा तो नव्या पिवळ्या ड्रेसचा बो दिसत होता आणि त्यापलीकडे काही दिसत नव्हतं. ही पोर आता गेली तर पुन्हा ख्रिसमसला येईल, नमस्कार-चमत्कार करेल, आणि मनानं मात्र कधीच येणार नाही, हे तिला लख्ख कळत होतं. कुणी हाक मारली नाही. अल्सीडने फक्त मशीनचा दिवा चालू ठेवला.

किती वेळ गेला कोण जाणे. सेलेस्टीन परत आली तेव्हा किल्ल्या तिने टेबलावर ठेवल्या.

"तो टीव्ही आहे अजून?"

टीव्ही फ्रिजवर होता. क्लॉडेटने तो उचलून शेडखाली आणला, वायर लावली. कोपऱ्यात बारा-बारा चमकायला लागलं, आणि इतक्या सगळ्यातही अल्सीडला खुदकन हसू आलं. सातवी टेप आत सरकली.

रंग उडालेलं चित्र आलं. पांढऱ्या कोटातला एक डॉक्टर आणि मोठ्या केसांची एक बाई, समुद्राचं चित्र असलेल्या खिडकीशी उभी राहून रडत होती. मधेच साबणाची जाहिरात. पुन्हा ती बाई. सगळं घर उभ्याने बघत राहिलं. सेलेस्टीन खाली सिमेंटवर बसली, ड्रेसची पर्वा न करता, आणि पडद्याकडे एकटक बघू लागली.

"हे बघताना हसला तो?"

"हे नाही. पुढं नवरा दारात येतो ना, तेव्हा. म्हणाला, बघ आई, याला कुणी सांगितलंच नाही की तो गेल्या वर्षी मेलाय."

सेलेस्टीन हसली. मग रडली. ओडेली तिच्याजवळ खाली बसली. गुडघे कुरकुरले, पण बसली.

"त्यानं मला त्या ओळी शिकवल्या," ती म्हणाली.

"काय?"

"तेव्हाच. बरा होईपर्यंत तू धरून ठेव, म्हणाला. मी म्हटलं, मला तुमची ती बडबड जमायची नाही. तर माझं मनगट धरून त्याच्यावर बोटानं ठेका धरला. संध्याकाळभर घोकून घेतल्या. रोज रोझरीचा जप झाला की मी त्या म्हणते. सत्तावीस वर्षं." तिने ॲप्रनचं टोक सरळ केलं. "गेल्या हिवाळ्यात चौथी ओळ गेली. शोधली खूप. सापडत नाही. बाकीच्याही जातील अशी भीती वाटते मला."

ओडेलीच्या तोंडून आयुष्यात कुणी शटडाउनच्या गाण्याचा एक शब्द ऐकला नव्हता. डेझमंड पिंपावरून उठला. तो अल्सीडपाशी गेला, आणि आठवी टेप उचलून, कागद फाडून, त्याच्या हातात दिली. "माझं चुकलं, पारान," तो म्हणाला.

"बस झालं. तो माइक धर सरळ," अल्सीड म्हणाला.

टीव्ही बंद केला. लाल दिवा लागला. ओडेलीने सेलेस्टीनचं मनगट हातात घेतलं, त्यावर दोन बोटं ठेवली, आणि ठेका लागेपर्यंत थांबली. तो लागला तेव्हा तिला तो आपल्या बोटांत नव्हे, पोरीच्या नाडीत सापडला.

"हळू ये गं, घाई कसली, पूल कुठं पळून जातोय,
बाप तुझा पाळी संपवून बांधावरनं चालत येतोय.
ज्योत जळते कंपनीची, तिला म्हण तू चांदोबा..."

इथे ती थांबली. बोटं मात्र चालत राहिली, एक, दोन, तीन, चार.  चौथ्या ओळीची जागा तशीच रिकामी गेली, आणि ठेका पुढे येऊन मिळाला.

"पणजीचं नाव तुझ्यासाठी, सेलेस्टीन, घे आणि ठेव,
बापाला उशीर झाला, तर दार थोडं उघडं ठेव."

म्हातारा आवाज, चर्चच्या बाकावरचा. पण चाल त्याची होती. तोच आळस, शेवटच्या शब्दावर तेच किंचित टेकणं. क्लॉडेट तोंडावर हात दाबून घरात निघून गेली. सेलेस्टीनचे डोळे मिटलेले होते.

"पुन्हा घ्यायचं का?" अल्सीडने विचारलं. "चौथी आठवेल कदाचित."

"नको," सेलेस्टीन म्हणाली. "ती जागा राहू दे तशीच."

दिवा विझला. ज्योत आता जरा गडद दिसायला लागली होती. डेझमंडने ताटं मांडायला घेतली. क्रॉफिश पार गाळ झाले होते, पण कुणी तक्रार केली नाही. खाता खाता सेलेस्टीन म्हणाली, "काका, सही देते मी. पण सहा टेपांची, आणि तीही भाड्यानं. लोकांना ऐकू देत, जगात कुठंही. भांडं द्यायचं, चूल नाही. कंपनीला चालत असेल तर."

"आणि नसेल चालत तर?"

"तर त्यांनाही जेवू घालू आणि परत पाठवू."

डेझमंडने पलीकडे बसलेल्या बहिणीकडे पाहिलं. क्लॉडेटने एक क्रॉफिश सोलून त्याच्या ताटात टाकला. एवढंच त्या दोघांत ठरलं.

"सातवी आणि आठवी मी नेते," सेलेस्टीन म्हणाली.

अल्सीडने आठवी टेप मशीनमधून काढली आणि सवयीने डेझमंडपुढे धरली, कारण रेफिल्डची खुर्ची आता त्याची होती. डेझमंडने ती घेतली नाही. त्याने खिशातून बापाचा चाकू काढला, उघडला, आणि मूठ आईकडे करून पुढे केला.

ओडेलीने टेप उलटी केली. चष्म्याशिवाय तिला ती पट्टी नीट दिसत नव्हती. अंगठ्याने चाचपून सापडली. चाकूचं टोक तिने खाली घातलं आणि दाबलं. टक् असा बारीक आवाज झाला. मग तिने सातवी मागून घेतली, जिच्यावर आता डॉक्टर आणि त्या रडणाऱ्या बाईशिवाय काही नव्हतं, आणि तिचीही पट्टी मोडली.

दोन्ही तुकडे तिने ॲप्रनच्या खिशात टाकले.